गहू आधी, ज्वारी मागून

गेल्या रविवारी अन्वीनं मला फोनवर तिची भाकरी दाखवली. ताटली कॅमेऱ्यासमोर तिरकी धरली होती. भाकरीच्या कडेनं भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात आपल्या सिंदफणेच्या पात्रात पडतात तशा. ती म्हणाली, "आजी, माझी चिरते. बाबा म्हणतो तुझी कधीच चिरायची नाही. आणि ती पणजी, मला चोरून पोळी द्यायची ती, तिचीपण नाही?"

आजीनं सांगायचं ते सगळं मी सांगितलं. पाणी कडकडीत घे, पीठ जुनं नको, तळहाताच्या गादीनं रगडून मळ, थापताना घाई करू नको. मागून तिचा भाऊ ईशान विचारत होता की भाकरीला जॅम चालतो का. मी हसले, चालतो म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. अन्वीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं नव्हतं, आणि तिच्या बोलण्यातली चूकही दुरुस्त केली नव्हती.

शाळेत मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांना नेहमी सांगायची, उत्तर पहिल्या वाक्यात द्या, मग विस्तार करा. हे उत्तर मला पहिल्या वाक्यात देता येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

दिवसही तेच आहेत. शिरूरला थंडी पडली आहे. माळावरचा शाळू निसवून कणसं भरली आहेत, आणि दुपारी वारा फिरला की कुणाच्या तरी शेतातून हुरड्याचा धूर थेट स्वयंपाकघरात येतो. गोवऱ्यांचा, हिरव्या दाण्यांचा, थोडा गोडसर. गाव अर्धं रिकामं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला इथे कोयता म्हणतात. दिवाळी झाली की कोयते निघतात, ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं घालून. दाराला कुलूप आणि उंबऱ्यावर पालापाचोळा एवढंच गल्लीत उरतं. या रिकामेपणाला एक आवाज असतो. लांबची गिरणीची चक्की एरवी ऐकू येत नाही, ती या दिवसांत घरात बसून ऐकू येते.

त्या हिवाळ्यात तू साडेचार वर्षांची होतीस, अन्वी. तुझे आईबाबा कॅनडाला गेले होते, तुझे कागद अडकले होते, म्हणून तू माझ्याकडे राहिलीस. आलीस तेव्हाच तुझं पोट नगाऱ्यासारखं होतं आणि हातपाय काड्या. दिवसातून पाच-सहा वेळा पोट बिघडायचं. तू रडायचीससुद्धा नाहीस, भिंतीला टेकून बसून राहायचीस. बीडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सिलिॲक असं नाव सांगितलं. गहू बंद. थोडा नाही, सणालाही नाही, आयुष्यभर बंद. गव्हाच्या पिठाचा कणही पोटात गेला तर आतडं सोलल्यासारखं होतं, म्हणाले.

खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. आपण ज्वारीच्या मुलखातली माणसं. इथे गहू पाहुण्यासाठी आणि सणासाठी. पुण्यामुंबईत एखाद्या आईला हे सांगितलं असतं तर तिच्या पायाखालची जमीन सरकली असती. मी म्हटलं, हिला भाकरी घालायची, एवढंच ना.

पण घरात एकटी तूच जेवणारी नव्हतीस. तुमच्या आजोबांची मूत्रपिंडं थकली होती. त्यांना मीठ नाही, डाळ चमचाभर, टोमॅटो-पालक-केळं नाही, पाणी तांब्यावर खडूनं केलेल्या खुणेपर्यंत. त्यांना डॉक्टरांनी भात आणि पोळीच नेमून दिली होती. दुसऱ्या होत्या जिजी, माझ्या सासूबाई, तुझी पणजी. वय पंच्याऐंशीच्या पुढं, तोंडात एक दात नाही, अंगात साखर. त्यांना मऊ हवं, गोड नको. आणि तू, तुला डाळ हवी, दूध हवं, केळं हवं, हिरवी भाजी हवी, म्हणजे आजोबांना जे जे विष ते सगळं. पाऊस त्या साली पाठ फिरवून गेला होता. भाजी महाग, दूध पातळ, पाणी टँकरचं. आजोबांच्या औषधांनंतर पेन्शनीतलं जे उरायचं त्यात तीन वेगळे स्वयंपाक बसत नव्हते.

मी वेळापत्रक केलं. मला दुसरं काय येतं? पुठ्ठ्यावर पट्टीनं रेघा मारल्या आणि ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावलं. एकच पातेलं, त्याला तीन थांबे. भाजी चिरून आधी भरपूर पाण्यात उकळायची, पाणी काढायचं, म्हणजे त्यातले क्षार जातात. मग बिनमिठाची आजोबांची वाटी बाजूला. मग मीठ, आणि थोडी घोटून जिजींची. मग डाळ, शेंगदाण्याचं कूट घालून तुझी. भाजी उकळलेलं ते टँकरचं पाणी फेकायला हात धजेना. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आजोबांना जे नको तेच तुला हवं. म्हणून ते पाणी तुझ्या आमटीत जायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आजोबा आपल्या बिनमिठाच्या दोडक्याकडे बघत म्हणायचे, या घरात कुणालाच पाहिजे ते मिळत नाही, म्हणजे कारभार न्यायानं चाललाय.

तुझ्या भाकरीची परात वेगळी, तवा वेगळा, भाकरी आधी आणि पोळ्या नंतर, मध्ये ओटा ओल्या फडक्यानं दोनदा पुसायचा. हिंगसुद्धा बंद केला, कारण त्यात गव्हाचं पीठ मिसळतात असं कळलं. असं सगळं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. आणि सर्वांत खाली, "दळण, सोमवार."

दर रविवारी मी तुला गावातल्या दवाखान्यात काट्यावर उभी करायची आणि घरी येऊन कॅलेंडरच्या चौकोनात वजन लिहायची. साडेअकरा. पुढच्या रविवारी साडेअकराला थोडं कमी. मग सव्वाअकरा. चौथ्या रविवारी काटा अकरावर आला. कंपाउंडरनं तुझ्या चपला काढून, स्वेटर काढून पुन्हा उभी केली, जणू चूक स्वेटरची होती. मी म्हटलं, अहो, स्वेटर काढल्यावर ते आणखी कमीच होणार. तो ओशाळला. तू थंडीनं कुडकुडत होतीस आणि मला तुझ्या पाठीचा एकेक मणका मोजता येत होता.

त्या दिवसांत हुरड्याचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची. शेजारून कुणी वाटीभर हुरडा पाठवायचं, वर शेंगदाण्याची चटणी. तू चार दाणे चघळून वाटी परत सरकवायचीस. खाणाऱ्या पोराला खाऊ घालायला पैसे लागतात, बेत लागतो, हात लागतात. न खाणाऱ्या पोरापुढं बसायला काय लागतं ते मला सापडत नव्हतं. तुझ्या बापाचा फोन यायचा. मी सांगायची, आहे, बरी आहे. तो तेच पुन्हा विचारायचा, कारण तोही माझाच विद्यार्थी होता, मी खोटं कसं बोलते ते त्याला माहीत होतं.

इतकं सगळं करून वजन का उतरतं? बाहेरचं तू काही खात नव्हतीस. म्हणजे घरातच कुणीतरी देत होतं. आणि घरात पोळी खाणारी, लाड करणारी, तुला दिवसभर जवळ घेऊन बसणारी एकच व्यक्ती होती.

जिजींच्या पोळीबद्दल सांगायला हवं. त्यांचं लहानपण आणि उमेदीचं सगळं वय भाकरीवर गेलं. पोळी वर्षातून चार वेळा, तीही पुरुषांच्या पंक्ती उठल्यावर उरली तर. मला नोकरी लागली आणि घरात रोजचा गहू आला, तोवर त्यांचे बरेचसे दात गेलेले होते. तव्यावरची गरम पोळी दुधात कुस्करून वाटी दोन्ही हातांत धरायच्या आणि डोळे मिटून खायच्या. मला त्या मास्तरीण म्हणायच्या, बहुतेक टोमणा म्हणून. पण शेजारणींना सांगायच्या, आमची मास्तरीण मला रोज सणाचं घालती. भाकरी दुधात भिजवली तरी तिचा पापुद्रा त्यांच्या हिरड्यांना खुपायचा. आयुष्यभर खाल्ली, आता न्हाई गिळत, म्हणायच्या.

चौथ्या रविवारी दवाखान्यातून आले तेव्हा जिजी वाटी घेऊन बसल्या होत्या. तू पळत जाऊन त्यांच्या मांडीला चिकटलीस. त्यांच्या पदरावर पोळीचा ओला तुकडा पडला होता. दात नसलेल्या माणसाच्या पदरावर पडतोच. पण मला तेवढाच दिसला.

मी विचारलं, "जिजी, तुम्ही अन्वीला पोळी देता का?"

"न्हाई."

"मग तिचं वजन का उतरतंय?"

"मला काय ठावं. तू शिकलेली, तूच सांग की."

मी सांगितलं. शिक्षिकेचा एक आवाज असतो, न ओरडता मागच्या बाकापर्यंत पोचणारा, त्या आवाजात सांगितलं. की पोर मागतं, तुमचं मन पाघळतं, पण तुमचा एकेक घास तिला मारतोय. आजोबा खाटेवरून म्हणाले, तिनं दिली नसेल गं. मी म्हटलं, मग कुणी दिली?

जिजींनी वाटी खाली ठेवली. तुला मांडीवरून उतरवलं. म्हणाल्या, "उद्यापासून माझी पोळी टाकू नको."

मी टाकली नाही. त्या संध्याकाळी तुझ्या बापाला फोनवर सांगितलं की कारण सापडलं, जिजी चोरून पोळी देत होत्या. त्याला केवढा धीर आला. आणि मलाही.

दुसऱ्या दिवसापासून जिजी भाकरी खाऊ लागल्या. भाकरी आमटीत दोन-दोन तास भिजत ठेवायच्या, तरी निम्मी वाटी परत यायची. तू जवळ गेलीस की हात पदराखाली घ्यायच्या, जणू त्यांच्या हातालाच गहू लागला होता. मला ते दिसत होतं. मला वाटत होतं, आता वजन वाढेल.

पुढच्या रविवारी काटा अकराच्या खाली गेला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी खाली. डॉक्टरांनी बीडहून फोनवर सांगितलं की असंच चाललं तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल, नळीनं अन्न द्यावं लागेल. तसा दवाखाना संभाजीनगरला किंवा पुण्याला. तिथे राहायचं तर आजोबांना कोण बघणार, आणि कशाच्या जोरावर राहायचं? मी पुठ्ठ्यासमोर उभी राहिले. प्रत्येक रकाना बरोबर होता. एखाद्या मुलाचा पेपर पुन्हापुन्हा तपासावा, सगळी उत्तरं बरोबर निघावीत आणि तरी तो नापास असावा, तसं वाटत होतं.

सोमवार होता, म्हणून दळण घेऊन गिरणीत गेले. एरवी मी डबे ठेवून यायची. झाकणांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या असायच्या, एकावर "१. गहू" आणि दुसऱ्यावर "२. ज्वारी". त्या दिवशी घरी जायला पाय निघेना, म्हणून तिथल्या पोत्यावर बसून राहिले. गिरणीवाला अंकुश माझा जुना विद्यार्थी, इंग्रजीत कायम काठावर. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं गहू ओतला. दळून झाला, कापडी नळी दोनदा झटकली, आणि लगेच ज्वारी ओतली. मी पिठाकडे बघत होते, पण मला काही दिसत नव्हतं.

अंकुश म्हणाला, "बाई, तुमची भाकरी कदी चिरत नसंल बगा."

मी म्हटलं, "कशावरून?"

"गव्हाचं मागचं येतंय की त्यात. चिकटपणा धरती भाकरी. एरवी मदी धा डबे असत्यात लोकांच्या ज्वारीचे, त्येंच्यात वाटून जातंय. आता कोयते गेले, गिरणीत तुमीच एकल्या. तुमच्या गव्हामागं तुमचीच ज्वारी. दगडात अर्धा किलो तर ऱ्हातंयच."

त्यानं ते कौतुकानं सांगितलं होतं. मी त्याला चक्की बंद करायला सांगितली. तो म्हणाला, निम्मीच झालीय, बाई. मी म्हटलं, राहू दे. तो डबा मी तिथेच सोडून आले.

गहू आधी, ज्वारी मागून. इथे सगळ्या घरांत असंच दळतात. ज्वारी आधी घातली तर पोळ्या काळपट येतात आणि लाटताना कडेला फाटतात. ज्वारीत थोडा गहू गेला तर बिघडत नाही, उलट भाकरी चांगली होते. अन्वी, माझी भाकरी का चिरायची नाही, याचं उत्तर हे आहे. आणि त्या हिवाळ्यात तुला रोज दोन वेळा गहू कोण घालत होतं, त्याचंही.

घरी येऊन मी ते सांगितलं. आजोबांना सांगत होते, पण जिजी ऐकत होत्या. मी म्हणाले की जिजी, तुम्ही दिली नव्हती हे मला कळलं. त्या म्हणाल्या, मी तेच म्हणत व्हते. तुझ्या केसांतून हात फिरवत होत्या, आणि एकदम तो हात थांबला.

"गहू आधी घालायचा हे मीच शिकवलं तुला. नवी आली तवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे माझ्याच हातानं झालं की."

त्या वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचं सगळं म्हणणं मी ऐकलं होतं, कण म्हणजे काय ते मला माहीत होतं. पुठ्ठा माझा, चिठ्ठ्या माझ्या, अक्षर माझं. जिजींना लिहितावाचता येत नव्हतं. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी परात पुसत राहिले. कुणीतरी ते ओझं उचललं होतं आणि माझे खांदे इतके दुखत होते, की मी ते उचलू दिलं.

मागच्या अंगणात जातं होतं, वर्षाकाठी डाळ भरडण्यापुरतं. ते घासून धुतलं, मूठभर ज्वारी दळून टाकून दिली, आणि तुझं पीठ घरीच सुरू झालं. मला जातं ओढता येत नव्हतं, दोन दिवसांत तळहाताला फोड आले. जिजी समोर बसायच्या, एका हातानं दाणे सोडायच्या, दुसरा हात खुंट्यावर माझ्या हातावर ठेवायच्या. ओढू नको, फिरव, म्हणायच्या. त्यांच्या हाताला वजन नव्हतं. भाकऱ्या चिरू लागल्या. अशा चिरायच्या की तव्यावर टाकताना तुकडे पडायचे. तू तुकडेच खायचीस.

तिसऱ्या रविवारी काटा पुन्हा अकरावर आला. मी धावत घरी आले, पोळी टाकली, दुधात कुस्करली, जिजींपुढं ठेवली. त्यांनी वाटी हातानं सरकवली. "ऱ्हाऊ दे. बारा किलो होऊ दे तिचे." मी आग्रह केला. त्यांनी भाकरीचं भिजवण जवळ ओढलं. तेव्हासुद्धा मी म्हणाले नाही की जिजी, ही शिक्षा तुमची नाही.

हुरडा संपला, कणसं पिवळी पडली, काढणी सुरू झाली. माळावर ज्वारीच्या पेंढ्या उभ्या राहिल्या. सव्वाअकरा. साडेअकरा. तू भिंत सोडलीस, अंगणात धावू लागलीस, एकदा जिजींची काठी घेऊन पळालीस. त्या दिवशी जिजी हसल्या. त्यांचे गाल इतके आत गेले होते की हसणं ओळखायला वेळ लागला. त्या अर्धी वाटीच खात होत्या, मग पाव. त्यांच्या वजनाला माझ्या कॅलेंडरमध्ये चौकोन नव्हता.

ज्या रविवारी तू बारा किलोची झालीस, त्याच्या तीन दिवस आधीपासून जिजी तापानं अंथरुणात होत्या. मी पोळी केली. गरम दुधात इतकी कुस्करली की तिची लापशी झाली. त्यांच्या कानाशी सांगितलं, बारा झाले, जिजी. त्यांनी तोंड उघडलं. दोन चमचे ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आले. तिसरा मी घातला नाही. मंगळवारी त्या गेल्या.

उन्हाळ्यात तुझे कागद आले. चौदा किलोची होऊन तू विमानात बसलीस. आजोबा आणखी दोन वर्षं होते. तुझ्या बापाला मी पिठाचं कधीच सांगितलं नाही. त्यामुळे तुमच्या घरात ती गोष्ट राहिली, हसत सांगायची, की पणजी चोरून पोळी द्यायची. ती गोष्ट मी रचलेली आहे, अन्वी. जिजींनी तुला गव्हाचा एक कणही दिला नाही. स्वतःची पोळी मात्र दिली. बाबाला हे वाचून दाखव. ईशानलाही.

आज सोमवार. सकाळी गिरणीत गेले होते. कोयते गेले आहेत, गिरणीत मी एकटीच. अंकुशचे केस पांढरे झालेत. त्यानं दोन्ही डब्यांची झाकणं उघडली आणि दर हिवाळ्यात विचारतो तेच विचारलं, की बाई, पोरगी तर परदेशात, आता गहू आधी टाकू का? पोळ्या काळ्या येत्यात तुमच्या.

मी म्हटलं, "नको. ज्वारीच आधी."

दुपारी पोळी केली. काळपट आली, कडेला फाटली. तुझ्या भाकरीसारखीच दिसत होती. दुधात कुस्करली आणि वाटी दोन्ही हातांत धरून खाल्ली.